नाशिकात बसून ऑस्ट्रेलियाची पीएचडी: आधी माणूस शोधा, विद्यापीठ नंतर

मी नाशिकमध्ये राहून, नोकरी करत करत, ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाची पीएचडी केली. पार्ट टाइम, ऑफ कॅम्पस, साडेसहा वर्षं. विषय होता कालव्यावरच्या पाणी वापर संस्था (कालव्याचं पाणी आपसांत वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था), म्हणजे फिल्डवर्क सगळं इथलंच, दिंडोरी-निफाड पट्ट्यातलं, आणि गाईड तिकडे साडेचार तास पुढे. सुरुवात केली तेव्हा हे मराठीतून समजावून सांगणारं कोणी भेटलं नाही. एजंट भेटले ते सगळे व्हिसावाले, ज्यात व्हिसा नाही त्यात त्यांना रस नसतो. आता मलाच लोकांचे फोन येतात आणि दर वेळी तेच तेच प्रश्न असतात, म्हणून जे चाचपडत शिकले ते क्रमानं लिहून काढतेय.

१. डिग्री कशासाठी हवीय ते आधी ठरवा

हे फोनवर मला सगळ्यात शेवटी विचारतात, खरं तर पहिला प्रश्न हाच पाहिजे. इथे चुकलात तर पुढची सहा-सात वर्षं फुकट जाऊ शकतात.

तुम्हाला भारतातल्या कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचंय किंवा प्रमोशनसाठी पीएचडी लागतेय का? मग हा रस्ता तुमचा नाही, असंच धरून चला. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे इथल्या विद्यापीठांना दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं पीएचडी देताच येत नाही, पार्ट टाइम चालते पण ती वेगळी गोष्ट. परदेशी डिग्रीला इथे समकक्षता घ्यावी लागते, ती वर्षानुवर्षं एआययू (भारतीय विद्यापीठांची संघटना) देत होती आणि त्यांची अट कॅम्पसवर राहून रेग्युलर शिकण्याची होती, पुढे २०२५ मध्ये यूजीसीनं समकक्षतेचे स्वतःचे नियम काढले. तरीही तुमचा हट्टच असेल तर ऍडमिशन घेण्याआधी यूजीसीला आणि तुमच्या संस्थेला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. 'आमच्या ओळखीत एकाचं झालं' या भरवशावर राहू नका. आणि 'परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएचडी दोन वर्षांत' अशा जाहिराती दिसल्या तर लक्षात ठेवा की ऑक्टोबर २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीई दोघांनी मिळून जाहीर सूचना काढली होती, की एडटेक कंपन्यांनी परदेशी संस्थांबरोबर चालवलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही.

दुसरा गैरसमज म्हणजे ही पीएचडी केली की ऑस्ट्रेलियात जायचं दार उघडतं. उघडत नाही. शिक्षणानंतर कामासाठी मिळणारा ४८५ नंबरचा व्हिसा ऑस्ट्रेलियात राहून शिकलेल्यांसाठी आहे, त्यासाठी किमान दोन शैक्षणिक वर्षांचं शिक्षण त्या देशात झालेलं लागतं. तुम्ही घरी बसून केलेलं त्यात धरत नाहीत.

मग कोणी करावी? ज्यांचं काम आणि अभ्यासाचं मैदान दोन्ही इथे आहे, नोकरीत डिग्रीपेक्षा त्या विषयातलं वजन मोजलं जातं, म्हणजे सामाजिक संस्था, संशोधन संस्था, कन्सल्टिंग, आंतरराष्ट्रीय प्रकल्प, काही उद्योग. मी यातली. आणि दुसरा गट म्हणजे ऑस्ट्रेलियातच पीआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा सिटिझन असलेले आपले लोक, जे डार्विनला नाहीतर एखाद्या खाणीच्या गावी राहतात आणि विद्यापीठ हजार-दोन हजार किलोमीटरवर आहे. त्यांच्यासाठी तर ही सोयच आहे, कारण त्यांना सहसा ट्युशन फी भरावी लागत नाही, ते खाली पैशांच्या भागात सांगते.

ज्यांना भारतात चालणारी डिग्री पण हवी आणि ऑस्ट्रेलियाचा गाईड पण हवा त्यांनी पवईची आयआयटी बॉम्बे-मोनाश रिसर्च अकॅडमी बघा. २००८ पासून चालू आहे, पीएचडी दोन्ही संस्थांची मिळून मिळते, मुक्काम मुख्यतः मुंबईत आणि काही काळ मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात. पण ती नोकरी करून होणारी गोष्ट नाही.

२. तिकडची पीएचडी असते कशी ते समजून घ्या

आपल्याकडे पेट (प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क, सहा महिन्यांचे रिपोर्ट, शेवटी ओपन व्हायवा (तोंडी परीक्षा) असा क्रम डोक्यात असतो. तिकडे बहुतेक ठिकाणी कोर्सवर्क नाही किंवा अगदी थोडं. पहिल्या दिवसापासून थिसिस. साधारण ८० हजार ते १ लाख शब्द, फुल टाइम ३ ते ४ वर्षं, पार्ट टाइम केलं तर त्याच्या दुप्पट. तुम्हाला स्टुडंट कमी आणि कॅन्डिडेट जास्त म्हणतात. कोणी वर्ग घेत नाही, कोणी हजेरी घेत नाही, आणि घरून करणाऱ्याचे हाल नेमके इथेच होतात, कारण विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी नसतं.

दूरस्थ शिक्षणाची परंपरा तिकडे जुनी आहे, देशच तेवढा पसरलेला. आर्मिडेलचं युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंड १९५५ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना पोस्टानं शिकवत आलंय, जिलाँगचं डीकिन १९७० च्या दशकात निघालं तेच दूरस्थ शिक्षण डोळ्यासमोर ठेवून, शिवाय चार्ल्स स्टर्ट आणि टूवूम्बाचं सदर्न क्वीन्सलँड आहे. पण ही नावं वाचून लगेच अर्ज भरायला जाऊ नका. एकाच विद्यापीठात एका विभागात बाहेरून करता येतं आणि दुसऱ्यात येत नाही. प्रयोगशाळेचे विषय तर जवळपास बादच समजा. वेबसाइटवर 'ऑफ कॅम्पस', 'एक्स्टर्नल', 'रिमोट' असे वेगवेगळे शब्द दिसतील. त्यातही कधी कधी ऑस्ट्रेलियाच्या आत राहणाऱ्या पण कॅम्पसपासून लांब असणाऱ्यांसाठीच ती सोय असते, म्हणून 'भारतात राहून, पूर्ण काळ' असं स्पष्ट लिहून ईमेलवर विचारा.

विद्यापीठ खरं आहे का हे बघायला टेक्सा या तिथल्या सरकारी संस्थेचं नॅशनल रजिस्टर आहे, त्यात नाव शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

३. गाईड शोधा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

मला विचाराल तर घरी बसून केलेली पीएचडी म्हणजे ऐंशी टक्के तुमचा आणि गाईडचा संबंध. कॅम्पसवरच्या मुलाला गाईडनं वेळ दिला नाही तर तो कॉरिडॉरमध्ये दुसऱ्याला गाठतो. तुम्हाला दुसरं कोणीच नाही. म्हणून मी आधी विद्यापीठांची यादी केली नाही, पेपर वाचले. ऑस्ट्रेलियाच का, तर तिथल्या मरे-डार्लिंग या मोठ्या नदीखोऱ्यामुळे. तिथे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता-घेता येतो, २०१२ च्या बेसिन प्लॅननं नदीसाठी पाणी राखलं आणि शेतकऱ्यांत केवढा असंतोष झाला, यावर तिकडे ढिगानं संशोधन झालंय. आपल्याकडे वाघाड धरणावर १९९० च्या दशकापासून पाणी वापर संस्था आहेत, २००५ चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आहे. शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायचं तर भांडण कुठे होतं आणि मिटतं कसं, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. हा दुवा सापडल्यावर कोणाला लिहायचं ते आपोआप ठरलं.

मी करायचे ते असं. एका संशोधकाचे किमान तीन-चार पेपर नीट वाचायचे, नुसता सारांश वाचून नाही. मग त्यांच्या हाताखाली आधी कोण पास झालं ते बघायचं, विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत थिसिस असतात आणि आभाराच्या पानावर बरंच कळतं, गाईड खरंच वाचतात का, किती वर्षं लागली, कोणी लांबून केलं होतं का. मग ईमेल. छोटा, २०० ते २५० शब्दांचा. तुमचा प्रश्न काय, त्यांच्या कुठल्या कामाशी जोडलाय, तुम्ही इथे काय काम करता, डेटा तुमच्या आवाक्यात कसा आहे, आणि तुम्ही भारतात राहून पार्ट टाइम करणार हे पहिल्याच ईमेलमध्ये. हे लपवू नका. मी पहिल्या दोघांना ते सांगितलं नव्हतं, महिनाभर छान पत्रव्यवहार झाला आणि मग विषय निघाल्यावर दोघांनी नम्रपणे नाही म्हटलं, त्यांचा आणि माझा दोघांचाही वेळ गेला.

आदराबद्दल एक गोष्ट. आपण 'रिस्पेक्टेड सर' नं सुरुवात करतो आणि खाली 'प्लीज काइंडली कन्सिडर' वगैरे लिहितो. पहिल्या ईमेलला 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव पुरे. उत्तर आलं की खाली ते नुसतं पहिलं नाव लिहून सही करतात, म्हणजे पुढे तुम्ही पण नावानं हाक मारायची. मला माझ्या आईच्या वयाच्या बाईंना नुसतं नावानं हाक मारायला वर्ष लागलं, पण ते लवकर अंगवळणी पाडा, कारण 'मॅडम म्हणतात तर तसंच' ही सवय गेल्याशिवाय त्यांच्याशी मतभेद मांडता येत नाही आणि मतभेद मांडता आले नाहीत तर ही पीएचडी पुढे सरकत नाही.

मी एकूण अकरा जणांना लिहिलं. चार उत्तरं आली, दोन व्हिडिओ कॉल झाले, एक जमलं. कॉलवर तुम्ही पण त्यांना विचारा: लांबून करणारे विद्यार्थी आधी होते का? किती दिवसांनी भेटणार? लिहिलेलं वाचायला किती दिवस लागतात? येत्या तीन वर्षांत सबॅटिकल (अभ्यासरजा) किंवा निवृत्ती आहे का? दुसरे सुपरवायझर कोण असतील? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तिथे एक प्रिन्सिपल (मुख्य) आणि किमान एक असोसिएट (सह) सुपरवायझर असतो, माझ्या प्रिन्सिपल तिसऱ्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात गेल्या, तेव्हा असोसिएट होत्या म्हणून मी टिकले.

४. प्रपोजल

दोन ते पाच पानं, विद्यापीठाचा नमुना असेल तर त्यातच. प्रश्न, आधी कोणी काय म्हटलंय, तुम्ही काय आणि कसं करणार, वेळापत्रक. आपल्याकडची 'महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, मर्यादा' अशी रचना तिकडे शाळकरी वाटते. मी पहिल्या मसुद्यात नऊ उद्दिष्टं लिहिली होती, गाईडनं त्यातलं एक वाक्य ठेवलं आणि म्हणाल्या की हेच सहा वर्षं पुरेल. प्रपोजल अर्जाआधी गाईडला दाखवून दोन-तीनदा बदलून घ्या. त्यांनी हो म्हटल्याशिवाय अर्ज करणं म्हणजे फक्त फॉर्म भरण्याचा सराव.

५. कागदपत्रं

हे सगळं जमवायला मला चार महिने लागले, तुम्ही गाईड शोधतानाच सुरू करा:

- पदवी आणि पदव्युत्तरचे सगळे मार्कशीट, डिग्री सर्टिफिकेट, आणि विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट
- एमए, एमएस्सी, एमई जे असेल त्याचं डिझर्टेशन, किंवा त्याचा सारांश आणि ते किती क्रेडिटचं होतं याचं पत्र
- इंग्रजीची परीक्षा, बहुतेक ठिकाणी आयईएलटीएस ६.५ आणि कुठलाही बँड ६ च्या खाली नको, किंवा तेवढाच पीटीई, टोफेल. निकाल दोन वर्षंच चालतो
- सीव्ही, छापून आलेलं काही असेल तर ते
- दोन रेफरी (तुमच्याबद्दल शिफारस देणारे), त्यातले किमान एक शिक्षण क्षेत्रातले, विद्यापीठाच्या ईमेलवरून उत्तर देतील असे
- प्रपोजल आणि गाईडनं होकार दिलेला ईमेल
- पासपोर्ट
- नोकरी असेल तर संस्थेचं पत्र, की आठवड्यातून इतके तास अभ्यासाला देता येतील

डिझर्टेशनवर अडतं. पीएचडीला थेट प्रवेशासाठी तिकडे सहसा ऑनर्स (पदवीनंतरचं संशोधनाचं वर्ष) फर्स्ट क्लास किंवा संशोधनाचा भाग असलेलं मास्टर्स लागतं. आपली एमए फक्त पेपर देऊन झालेली असेल तर तुम्हाला आधी एमफिल किंवा मास्टर ऑफ रिसर्च करा म्हणतात, किंवा एमफिलला घेऊन पुढे पीएचडीत बदलतात. वाईट वाटून घेऊ नका, तो पण रस्ताच आहे. कामावर लिहिलेले अभ्यास अहवाल, छापून आलेले लेख जोडले तर कधी कधी ते धरतात. माझे दोन मूल्यमापन अहवाल धरले होते.

आता नावाचा घोळ. मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं नाव, कुठे आईचं नाव. पासपोर्टवर दोन वेगळे रकाने. लग्नानंतर नाव बदललं असेल तर डिग्री माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या. तिकडच्या ऍडमिशनवाल्यांना ही तीन वेगळी माणसं वाटतात. राजपत्रात नावबदल छापलेला असेल तर उत्तम, नसेल तर विवाह प्रमाणपत्र आणि इंग्रजीत प्रतिज्ञापत्र. विवाह प्रमाणपत्र मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा, एक अक्षर इकडे तिकडे नको.

६. पैसे

परदेशी विद्यार्थ्याला पीएचडीची फी फुल टाइम वर्षाला साधारण ३० ते ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, पार्ट टाइमला वर्षाला निम्मी पण वर्षं दुप्पट, म्हणजे बेरीज तेवढीच. रुपयांत मांडून बघा, एकूण आकडा ५० लाखांच्या पुढे सहज जातो. त्यामुळे माझं मत सरळ आहे: फी माफी मिळत नसेल तर करू नका. कर्ज काढून तर अजिबात नको, या डिग्रीनं इथे पगार त्या प्रमाणात वाढत नाही.

फी माफी मिळते का? मिळते, पण लांबून करणाऱ्याला कमी मिळते, आणि ती गाईड आणि विभाग तुमच्यासाठी किती उभे राहतात यावर असते. मला मिळाली कारण माझा विषय विभागाच्या चालू प्रकल्पाला जोडता आला. परत तेच, आधी माणूस. स्टायपेंड मिळेल असं धरू नका, तो जवळपास सगळा तिथे राहून फुल टाइम करणाऱ्यांना जातो. परदेशी विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपची मुदत बऱ्याच ठिकाणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये संपते, पुढच्या वर्षाच्या प्रवेशासाठी. म्हणजे दिवाळीनंतर बघू म्हणालात तर वर्ष गेलं.

पीआर, सिटिझन आणि न्यूझीलंडचे नागरिक यांचं वेगळं. २०१७ पासून तिथे रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅम आहे, त्यातून पीएचडीची फी सरकार विद्यापीठाला देतं, फुल टाइम चार वर्षांपर्यंत किंवा पार्ट टाइम त्याच्या दुप्पट. तिकडे राहणारे आपले कितीतरी लोक हे माहीत नसल्यामुळे 'परवडणार नाही' म्हणून विचारच करत नाहीत.

इथून काही रक्कम पाठवायची वेळ आली तर बँकेत उद्देशाचा कोड नीट निवडा. परदेशात जाऊन शिकणाऱ्याचा कोड वेगळा आणि इथे राहून पत्राद्वारे शिकण्याची फी भरायचा वेगळा. चुकीचा टाकला की बँक व्हिसाची कॉपी मागत बसते, जी तुमच्याकडे नसते. ठराविक रकमेच्या वर टीसीएस (बँक आगाऊ घेते तो कर) कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो, सर्टिफिकेट जपून ठेवा.

७. ऑफर आल्यावर

भारतातच राहणार म्हणजे स्टुडंट व्हिसा नाही, तिकडचा आरोग्य विमा नाही, कन्फर्मेशन ऑफ एन्रोलमेंट नावाचा कागद नाही. कोणी एजंट या गोष्टींचे पैसे मागत असेल तर उठून या. उलट स्टुडंट व्हिसावर जाऊन घरी बसून शिकतो असंही चालत नाही, त्या व्हिसाला फुल टाइम आणि मुख्यतः प्रत्यक्ष हजर राहून शिकण्याची अट असते. मध्ये एकदा जायचं ठरलं तर व्हिजिटर व्हिसावर तीन महिन्यांपर्यंत अभ्यास करता येतो, विद्यापीठाचं पत्र घेऊन जा. मी पाच आठवडे जाऊन आले. जमलं तर नक्की जा, आणि दुसऱ्या वर्षाच्या आत जा, कारण एकदा एकत्र जेवण झालं की नंतरचे ईमेल वेगळे होतात.

ऑफर लेटरमध्ये तीन गोष्टी तपासा: पद्धत ऑफ कॅम्पस लिहिलीय का, पार्ट टाइम लिहिलंय का, फी माफी किती वर्षांची आहे. आणि सेन्सस डेट हा शब्द पाठ करा. दर सत्राला एक तारीख असते, त्या तारखेला तुम्ही नावनोंदणीत असाल तर त्या सत्राची फी लागू होते आणि तुमचा कालावधी पण वापरला जातो. घरात आजारपण, बाळंतपण, नोकरीतली बदली, काहीही असो, सुट्टी हवी असेल तर अर्ज त्या तारखेच्या आधी. माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन होतं तेव्हा मी चार दिवस उशिरा अर्ज केला आणि एक अख्खं सत्र काहीही न लिहिता खर्ची पडलं.

८. कन्फर्मेशन आणि एथिक्स

फुल टाइमला पहिल्या वर्षात आणि पार्ट टाइमला दोन वर्षांत कन्फर्मेशन ऑफ कॅन्डिडेचर असतं. साधारण १० हजार शब्दांचा मसुदा, झूमवर सेमिनार, पॅनेलचे प्रश्न. यातून पार पडलात की तुमची पीएचडी पक्की. प्रश्न तिखट असतात पण अपमान करायला विचारलेले नसतात. 'मी याचा विचार केलेला नाही, करते' हे उत्तर तिथे चालतं, उलट आवडतं.

एथिक्सवर (संशोधनातल्या नैतिकतेच्या नियमांवर) आपल्याकडचे सगळ्यात जास्त फसतात. माणसांशी बोलून माहिती गोळा करणार असाल तर विद्यापीठाच्या ह्यूमन रिसर्च एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि मंजुरीच्या आधी घेतलेली एकही मुलाखत थिसिसमध्ये वापरता येत नाही. एकही नाही. मी कामानिमित्त आधीच पंचवीस-तीस शेतकऱ्यांशी बोलले होते, रेकॉर्डिंग होतं, सगळं बाजूला ठेवावं लागलं.

माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत लागतं, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. मराठी म्हणजे शासकीय मराठी नको, 'सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी हरकत नाही' असं वाचून कोणी मोकळेपणानं बोलत नाही. मी ते पाणी वापर संस्थेच्या एका चेअरमनना वाचायला दिलं, ते म्हणाले ताई हे सातबाऱ्याच्या अर्जासारखं वाटतंय, मग परत लिहिलं. कमिटीनं मला विचारलं की चेअरमन शेजारी बसलेले असताना टेलचा (कालव्याच्या शेवटच्या टोकाचा) शेतकरी खरं बोलेल का, सही करायला घाबरणाऱ्याचं काय करणार, बायकांशी कुठे बोलणार. हे प्रश्न वाचून आधी राग आला होता, मग लक्षात आलं की माझं फिल्डवर्क त्या प्रश्नांमुळेच सुधारलं. सहीऐवजी रेकॉर्डरवर तोंडी संमती घ्यायची परवानगी मागता येते, ती मागा.

वेळेचं गणित इथल्या हंगामाशी जुळवा. मला रब्बीचं पहिलं आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) सुटायच्या आत मंजुरी हवी होती, कारण भांडणं बघायची तर पाणी कालव्यात असताना. दोन फेऱ्या होऊन चार महिने लागले, म्हणून मी अर्ज जूनमध्येच टाकला होता. तिकडे डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत ऑफिसं बंद किंवा अर्धवट चालू असतात, त्या काळात कुठल्याही कमिटीकडून उत्तराची अपेक्षा नको.

९. रोजचं गाडं

घड्याळ आधी. मेलबर्न, सिडनी आपल्या साडेचार तास पुढे, पण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास. ब्रिस्बेनला वर्षभर साडेचारच, पर्थला अडीच. त्यांची दुपारी दोनची मीटिंग म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ, उन्हाळी वेळ लागली की साडेआठ. मी ऑफिसच्या आधीची वेळ कायमची मागून घेतली.

दर पंधरा दिवसांनी मीटिंग, मीटिंगच्या दोन दिवस आधी काहीतरी लिहून पाठवायचं, पानभर का असेना. मीटिंगनंतर त्याच दिवशी काय ठरलं ते चार ओळीत ईमेल करायचं. हा नियम मी पाळला आणि गाईड बदलल्या तेव्हा ते ईमेलच उपयोगी पडले, नव्या गाईडना आधी काय ठरलं होतं ते दाखवायला माझ्याकडे कागद होता.

लायब्ररी घरून पूर्ण वापरता येते, जर्नल, डेटाबेस, संदर्भ ठेवायला एंडनोट, मुलाखतींच्या विश्लेषणाला एनव्हिवो, सगळं विद्यापीठाच्या लॉगिनवर. छापील पुस्तकं बहुतेक भारतात पाठवत नाहीत, पण प्रकरण स्कॅन करून देतात. लायब्ररीतला तुमच्या विषयाचा माणूस कोण ते शोधून पहिल्या महिन्यात एक कॉल करा, मला साहित्य शोधायचं तंत्र गाईडपेक्षा तिनं जास्त शिकवलं. रेकॉर्डिंग आणि मुलाखती विद्यापीठाच्या स्टोरेजवरच ठेवा, पेन ड्राइव्हवर आणि व्हॉट्सऍपवर नाही.

एकटेपणाबद्दल फार कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. घरच्यांना वाटतं तुम्ही कॉम्प्युटरवर बसलेल्या आहात म्हणजे मोकळ्या आहात. मी सकाळी पाच ते सात ही वेळ ठरवली आणि दाराला कडी लावली. ऑनलाइन एकत्र बसून लिहिण्याचे गट असतात, त्यात टाऊन्सव्हिलची एक आणि माझ्यासारखीच लांबून करणारी एक श्रीलंकेची, आम्ही तिघी चार वर्षं बुधवारी भेटलो.

१०. थिसिस जमा केल्यावर

दोन किंवा तीन बाहेरचे परीक्षक, त्यांच्याशी तुम्ही संपर्क करायचा नाही. बऱ्याच विद्यापीठांत व्हायवा नसतो, काही ठिकाणी आता तोंडी परीक्षा सुरू झालीय, तुमच्या विद्यापीठाचा नियम बघा. घरचे, ऑफिसचे 'व्हायवा कधी?' विचारत राहतात, त्यांना सांगावं लागतं की नाहीये. रिपोर्ट यायला दोन ते चार महिने किंवा जास्तच. निकाल सरळ पास क्वचित, बहुतेकांना छोट्या दुरुस्त्या, काहींना मोठ्या. मला छोट्या मिळाल्या, आणि त्यातली अर्धी 'आवर्तन', 'टेल', 'पाटकरी' हे शब्द परदेशी वाचकाला नीट समजावून सांगा अशी होती. शब्दसूची पहिल्या मसुद्यापासून ठेवली असती तर तो महिना वाचला असता.

पदवीदान समारंभाला गेलंच पाहिजे असं नाही, अनुपस्थितीत डिग्री घेता येते आणि माय ईक्वल्स नावाच्या प्लॅटफॉर्मवर डिजिटल प्रत मिळते, नोकरीवाल्यांना त्याची लिंक पाठवता येते. सरकारी कामाला लागली तर अपोस्टिल (दुसऱ्या देशात चालावी म्हणून कागदावर मिळणारा सरकारी शिक्का) ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र खात्याकडून करून घ्यावं लागतं, मूळ डिग्री इकडे मागवायच्या आधीच ते उरकून घ्या. आणि नाव छापायला जायच्या आधी विद्यापीठाच्या रेकॉर्डमध्ये ते कसं आहे ते उघडून बघा. माझ्या रेकॉर्डमध्ये मधलं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं होतं, साडेसहा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, छपाईच्या नऊ दिवस आधी दुरुस्त झालं.